घटस्थापनेपर्यंत थांब

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

काल संध्याकाळी मिरवणूक संपली एकदाची. कानाला अजून दडे बसलेत. आज पितृपक्ष लागला आणि सकाळी आठलाच यज्ञेश्वर भावजींचा फोन. यांचे शाळेपासूनचे मित्र, विम्याचे एजंट. "वहिनी, अभिनवची पॉलिसी परवा संपतेय. काय ठरलं?"

ठरतंय काय, डोंबल! महिनाभर तीन कागद समोर घेऊन बसलेय. एक — गेल्या वर्षीचीच पुढे वाढवायची. दुसरी — भावजी सांगतात ती नवी कंपनी, थोडी बरी. तिसरी — तिकडे अमेरिकेत त्याच्या विद्यापीठाची. तिप्पट महाग, पण ते काही विचारत बसत नाहीत, सगळं देतात.

तक्ते वाचून डोळे दुखले. दाताचं नाही. आधीच्या आजाराचं नाही. पहिला इतका खर्च तुमचा, मग आमचा. मात्र मेल्यावर देह मायदेशी आणायचा खर्च तिन्हींत आहे, अगदी वरच्या ओळीत. त्यात कुणाची कंजुषी नाही.

दुसरी घेऊ म्हटलं. पण बावीस तारखेला. घटस्थापनेला.

भावजी म्हणाले, "वहिनी, हा विमा आहे. सोनंनाणं नव्हे." मी म्हटलं, काय आहे ते मला कळतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

भावजी दुपारी मी काम करते त्या दवाखान्यातच आले. पेशंट बसलेले, मी पुड्या बांधतेय, आणि हे काउंटरवर वाकून कुजबुजतायत. "जुनीच वाढवा हवं तर, ती काही नवी खरेदी नाही. पण उद्याच्या आत. एकदा संपली की वाढवता येत नाही. मग नव्याने अर्ज, नव्याने सगळं. मधले दिवस उघड्यावर जातील."

पैसे मोजायचे म्हणजे घ्यायचंच ना? जुनी काय नि नवी काय.

दोन वर्षांपूर्वी यांनी स्कूटर घेतली ती पितृपक्षातच. शोरूममध्ये सवलत होती. "लोक घाबरतात म्हणून स्वस्तात मिळते, शालन," म्हणाले, आणि खो-खो हसले. वसुबारसेच्या दोन दिवस आधी गेले. स्कूटरवरून पडून नाही. जेवून हात धुताना. स्कूटरचा काही दोष नाही, हे मला कळत नाही का? कळतं. ती अजून पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. विकतही नाही, बसतही नाही.

आता एकच उरलाय. त्याच्या नावावर या पंधरवड्यात मी काही घेणार नाही. तेरा दिवसांत काय होतंय? तेवीस वर्षांचा धडधाकट मुलगा. सर्दीसुद्धा होत नाही त्याला.

बुधवार, १० सप्टेंबर

अभिनवचा फोन. "आई, पॉलिसीचं झालं ना?"

"झालं रे. भरले."

तोंडातून निघून गेलं. खरं सांगितलं असतं तर वाद घातला असता, यांच्यासारखाच हसला असता. ते हसणं मला नको आहे.

जुनी आज मध्यरात्री संपते. कुठली मध्यरात्र — इथली की तिथली? भावजींना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

नळाला पाणी नाही. अभिनव कागद मागतोय — विद्यापीठाला दाखवायचा असतो, उद्या शेवटची तारीख. "भावजी पाठवतील," म्हटलं. दुसरं खोटं.

शनिवार, १३ सप्टेंबर

सुटले. त्याचाच मेसेज आला — "आई, कागदाचं राहू दे. गेल्या वर्षीचाच चढवला, चालला." तिथेही आपल्यासारखाच कारभार दिसतोय. उगाच नावाजतात.

नऊ दिवस राहिले.

मंगळवार, १६ सप्टेंबर

यांचं श्राद्ध झालं. खीर, वडे, सगळं केलं. अभिनव व्हिडिओवर होता, त्याच्याकडे मध्यरात्र उलटलेली. खोलीतला दिवा बंद, नुसतं तोंड दिसत होतं. त्याच्या मागून तालिब एकदा वाकून नमस्कार करून गेला. हा तालिब भवानी पेठेतला. इथे एका कॉलेजात असून दोघांची ओळख नव्हती, तिकडे जाऊन एका खोलीत राहतात.

गच्चीत पान ठेवलं. कावळा अर्धा तास समोरच्या टाकीवर बसून राहिला. शिवेना. शेवटी मनातल्या मनात म्हटलं, पोराची काळजी नका करू, सोमवारी भरते. तेव्हा आला.

अभिनवला म्हटलं, वडे आठवतात का? म्हणाला, "नको गं, आज खाण्याचं नावसुद्धा नको. पोट जरा बिघडलंय."

बुधवार, १७ सप्टेंबर

सकाळी सातला फोन. त्याची रात्र. म्हणाला, दिवसभर पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली. "जाऊ का इथल्या दवाखान्यात? विद्यापीठाचाच आहे, पाच मिनिटांवर."

बावीस वर्षं मी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. केसपेपर काढणं, पुड्या देणं, सगळं. पोटदुखीचा पेशंट दारातून आत येतो तेव्हा त्याच्या चालण्यावरून मी डॉक्टरांना सांगते, याला आधी घ्या. वस्तीतले लोक मलाच विचारतात, "ताई, डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे का?" पहिला प्रश्न मी काय विचारते? कुठे दुखतंय. बोट ठेवून दाखवा.

आज विचारलं नाही.

विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. म्हटलं, "काहीतरी बाहेरचं खाल्लं असशील. ओव्याचं पाणी घे. गरम पाण्याची पिशवी नको हं." पिशवी नको — हे बरं आठवलं मला! पिशवी का नको, शेकाने आतलं फुटू शकतं, हे ज्याला माहीत आहे त्याने त्याला तसंच उठवून दवाखान्यात पाठवायला हवं होतं.

तो म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर थांबतो."

दुपारी

डॉक्टरांना डोकं दुखतंय सांगून निघाले. भावजींचं ऑफिस खराडीला. बसने दीड तास. आत एसी, मी घामाने चिंब. म्हटलं, आत्ताच्या आत्ता भरा. पितृपक्ष गेला खड्ड्यात.

भावजी बघतच राहिले. "काय झालं? अभिनव ठीक आहे ना?"

"ठणठणीत आहे."

तिसरं. आणि हे नुसतं बोलले नाही, सहीही केली. फॉर्मवर लिहिलंय — विमा घेणाऱ्याची प्रकृती आज उत्तम असून कोणतीही तक्रार नाही. खाली माझी सही. अक्षर कसलं आलंय, शाळेतल्या पोरीसारखं.

"आता लगेच सुरू ना?"

"तीन कामाचे दिवस लागतात वहिनी. गुरुवार, शुक्रवार... मधे शनिवार-रविवार. सोमवारपासून."

सोमवार म्हणजे बावीस. म्हणजे घटस्थापनाच! पंधरवडाही मोडला आणि तारीखही तीच आली. परतीच्या बसमध्ये हसायला आलं. शेजारच्या बाईने जागा बदलली.

संध्याकाळी साडेसात

त्याची सकाळ. ताप आहे म्हणाला. आवाज बारीक. "आई, आता जाऊ का?"

एवढंच म्हणायचं होतं — जा. एक अक्षर. पण डोळ्यांपुढे काय आलं? तिकडे काउंटरवर कुणीतरी कागद मागतंय, याच्याकडे नाही, आणि याला परत पाठवतायत. ॲम्ब्युलन्सचे इतके, पलंगाचे इतके, रोजचे इतके. हे घर विकून एक आठवडा होत नाही म्हणतात. आणि उद्या हा बरा झाला, नुसता गॅस निघाला, तर? चार दिवसांनी गेला तर सगळं कागदावर. पोटाचं दुखणं चार दिवस निघतं की. लोक काढतात.

कोण लोक काढतात? काढतात ते आमच्या दारात कसे येतात ते मी बघितलंय.

तरीसुद्धा म्हटलं, "आजचा दिवस बघ. भाताची पेज घे. घाई करू नकोस." पेज घे म्हटलं मी. उपाशी ठेवायचं सोडून पेज घे म्हटलं. आई आहे की कोण आहे मी?

तो म्हणाला, "ओके आई." कुरकुर नाही, काही नाही. कुरकुर केली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सहाला फोन वाजला. त्याचं नाव, आवाज तालिबचा. "काकू, तो उठत नाहीये. म्हणजे उठतोय, पण काहीच्या काही बोलतोय. अंग भट्टीसारखं तापलंय. मगाशी म्हणाला एकदम बरं वाटतंय, दुखायचं थांबलं, आणि मग—"

दुखायचं थांबलं. आतलं फुटलं की असं एकदम थांबतं, बाई गं.

"तालिब, त्याला ने! आत्ता ने! गाडी बोलाव, काय वाटेल ते कर!" ओरडले मी. मग म्हटलं, "तालिब, ऐक — विमा नाहीये रे. मी भरलाच नव्हता. त्यांना सांग, आम्ही देऊ, कसेही देऊ, पण हाकलू नका म्हणावं—" फोन कधीच बंद झाला होता. मी भिंतीशी बोलत होते.

दहा वाजले. काही नाही.

साडेअकरा. नाही.

साडेबारा. मेसेज — "ऑपरेशनला घेतलंय. अपेंडिक्स फुटलं होतं."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

अतिदक्षता विभागात आहे. पोटभर पू झाला होता. पुन्हा एकदा उघडावं लागेल म्हणतात. रक्तात गेलंय. नळ्या लावल्यात. तालिबने फोटो पाठवू का विचारलं. नको म्हटलं. मग पाठव म्हटलं. मग नको.

व्हिसा नाही, पासपोर्टसुद्धा नाही माझ्याकडे. पोराला सोडायला मुंबईच्या विमानतळावर काचेपर्यंत गेले होते, तेवढाच माझा परदेश.

दुपारी अख्तरबानू आल्या. तालिबची आई. आजवर फोनवरच बोलणं. तीन जिने चढून दम लागला होता, हातात डबा. म्हणाल्या, "तुम्ही जेवणार नाही माहीत आहे. माझ्यासमोर दोन घास खा, मग मी जाते." खाल्ले. मग त्यांना सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. विमा नव्हता, म्हणून मी त्याला थांबवलं. पोटात काय आहे ते मला कळत होतं, तरी थांबवलं.

त्यांनी पदराने काच पुसावी तसा माझा चेहरा पुसला. मी कागदाचं, पैशाचं, त्याला कुणी हाकलेल त्याचं बडबडत होते. म्हणाल्या, "ताई, कागदाचं सोडा. आधी लेकरू मागा."

मागतेय. पण कुठल्या तोंडाने मागू?

शनिवार, २० सप्टेंबर

दुसरं ऑपरेशन झालं. ताप उतरत नाही.

भावजींना खरं सांगितलं. म्हणाले, "तुम्ही मला ठणठणीत म्हणालात, वहिनी." बस, एवढंच. मग एजंटाच्या आवाजात — या फॉर्मवर दावा करता येणार नाही, केला तर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण होईल, पॉलिसी रद्द करून घेतो. शेवटी पुन्हा मित्राच्या आवाजात — "मीच आठ तारखेला तुमच्या दारात बसायला हवं होतं." नका हो भावजी, तुमच्या अंगावर घेऊ नका. माझं मला राहू दे.

तालिबला रोज विचारते, तिथले लोक पैशाचं काय म्हणतायत? तो रोज तेच म्हणतो, "काकू, ते सगळं नीट आहे, तुम्ही टेन्शन नका घेऊ." गुणी पोरगा. माझं मन राखायला खोटं बोलतोय. खोटं ओळखता येतं मला आता, चांगलीच सवय झाली आहे.

दवाखान्यात गेले होते. घरात बसवेना. डॉक्टरांनी विचारलं, "शालनताई, पहिल्या दिवशी कुठे दुखत होतं त्याला?"

म्हटलं, "मी विचारलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. बावीस वर्षांत माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. म्हणाले, "पुढचा पेशंट पाठवा."

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. पान ठेवलं नाही. यांना काय सांगू? मंगळवारी कावळ्याला कबूल केलं तेच खोटं ठरलं.

यांच्या फोटोसमोर मात्र उभी राहिले. म्हटलं, तुम्ही हसलात ते बरोबर होतं. पंधरा दिवसांत काही घेतलं म्हणून कुणी मरत नाही. न घेतल्याने मरतं. आता तुमच्या त्या हसण्याची शपथ, पोराला ठेवा माझ्याकडे. तुमच्याकडे बोलवू नका. मला बोलवा हवं तर, आज बोलवा, अमावास्याच आहे.

खाली जाऊन स्कूटरचं कव्हर काढलं. शेजारचे म्हणाले, "विकायची का?" हो म्हटलं. घर विकायचंही बोलून ठेवते उद्या. एकदा तो उठू दे, सगळं त्याला सांगणार आहे. त्याने तोंड बघितलं नाही माझं तरी चालेल. आईच्या भीतीपायी तू मरत होतास, हे त्याला माझ्याच तोंडून कळायला हवं. तालिबकडून नाही, भावजींकडून नाही.

संध्याकाळी सहाला मेसेज. "काकू, ताप उतरला. डोळे उघडले. पहिला शब्द — आईला कळवलं का?"

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. घट बसवला नाही, फोन धरून बसले. आठला बोलला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. धीर करून सांगून टाकलं — "अभिनव, कव्हर नव्हतं रे. मी भरलंच नव्हतं."

"माहितीये. तू पितृपक्षात साधा रुमाल घेत नाहीस, पॉलिसी घेतेस! मी अकरा तारखेलाच इथली घेतली, विद्यापीठाची. मेसचं काम करतो ना, त्यातून. तिप्पट ऐकून तू जेवली नसतीस, म्हणून बोललो नाही."

म्हणजे होतं. मंगळवारी होतं. बुधवारी सकाळी होतं, संध्याकाळीही होतं.

"मग दवाखान्यात गेला का नाहीस, राजा?"

"अगं, तू थांब म्हणालीस ना. पोटातलं तुला कळतं."